कणगीतली तार आणि जहाजावरचे तिघे

माझा मुलगा नौदलात आहे असं मी सांगितलं की निम्मे लोक विचारायचे, "म्हणजे बोटीवर? कोकणात जाणाऱ्या?" मी म्हणायची, "न्हाई. तोफावाल्या." त्याहून जास्त मलाही माहीत नव्हतं. आमचं गाव चाकूरच्या बाजूला. गावच्या ओढ्यात गुडघ्याच्या वर पाणी मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. अशा गावचा पोरगा पाण्यावर नोकरीला जातो, हेच लोकांना हसण्यासारखं वाटायचं.

मी चौथी शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, सही करता येते. ही सहीच पुढं नडली, म्हणून सांगितलं.

लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं, त्या वेळची ही गोष्ट. लातुरात पेढे वाटले, गुलाल उधळला. आमच्याकडं पाऊस आला नाही. खरीप करपलं, रब्बी कुणी पेरलीच नाही. टँकर दोन दिवसांनी यायचा, तोही येईल याची खात्री नाही. त्यातच मी लेकीचं लग्न काढलं. दुष्काळ सरल्यावर लग्न करायचं ठरवलं असतं तर आमच्याकडच्या निम्म्या पोरी बिनलग्नाच्या राहिल्या असत्या. नवरा मुलगा नांदेडचा, पाटबंधारे खात्यात कारकून. त्या वर्षी त्या खात्यात काही कामच नव्हतं, त्यामुळं त्याला रजा लगेच मिळाली.

माझ्या मुलाला मात्र पंधरा दिवस कसेबसे मिळाले. त्याचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते, त्यामुळं लग्नाचं सगळं त्याच्यावर आणि माझ्या भावावर होतं. मुलगा आला आणि पहिल्याच दिवशी पाण्याच्या मागं लागला. ओळीनं पिंपं मांडली. खडूनं वर लिहिलं, प्यायचं, स्वयंपाकाचं, हातपाय धुवायचं.

"जहाजावर पाणी असंच मापानं देतात," तो म्हणाला. "भोवती सगळा समुद्र, पण प्यायचं पाणी मशीनवर करावं लागतं. मशीन बिघडली की आंघोळ बंद."

माझा भाऊ म्हणाला, "मग आपलं गाव जहाजच हाय की. आमची तर मशीन कवाचीच बिघडलीय."

त्यावर मुलानं आम्हाला जहाज कसं चालतं ते सांगितलं. त्याचं जहाज नवं कोरं, लढाईचं. माणसं शेकड्यानं, पण चालवतात तिघंच. एक कप्तान. निर्णय त्याचा, आणि काही बिघडलं तर दोषही त्याचाच. दुसरा त्याच्या हाताखालचा अफसर, त्याला सगळे एक्सो म्हणतात. जहाजातला संसार तो बघतो. कुणी कुठं झोपायचं, कुणी कधी पहारा करायचा, पाणी कुणाला किती. आणि तिसरा चीफ. तो अफसर नाही, खलाशीच, पण सगळ्या खलाशांत जुना. पोरांचं म्हणणं कप्तानाला सांगतो आणि कप्तानाचं पोरांना.

"मग हितं एक्सो कोण?" भावानं विचारलं.

"मामा, तुम्ही."

"आन् मी?" मी म्हणाले.

"तू कप्तान, माय. तुझ्याशिवाय काय हलतंय?"

गावानं ते लगेच उचललं. वऱ्हाड आलं तेव्हा माझा भाऊ पिंपांपाशी तांब्या घेऊन उभा. माणशी एक तांब्या. वरपक्षाचा एक म्हातारा चिडला. "लग्नाला आलो का पलटणीत भरती झालो?"

भाऊ म्हणाला, "पलटण न्हाई पाव्हणं, जहाज हाय. पण भिऊ नका, बुडायला पाणी लागतं."

म्हाताऱ्यालाही हसू आलं. पण हे नंतरचं. तार त्याच्या आदल्या दिवशी आली.

दुपारची वेळ. मुलगा टँकर आणायला गेलेला, बायका लेकीला हळद लावत होत्या. पोस्टमन दारात सायकलवरून उतरला आणि तारेचा लिफाफा पुढं केला. मी त्याच्या कागदावर सही केली. तेव्हा आमच्या गावात तार म्हणजे मयत. चांगल्या बातमीसाठी कुणी तार केल्याचं मी ऐकलं नव्हतं. माझी थोरली बहीण उदगीरला दोन महिने अंथरुणाला खिळून होती. मला वाटलं, गेली.

घरात कार्य असलं की मयताची बातमी फोडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. माझ्या सासूनं सख्खा भाऊ वारल्याची चिठ्ठी पाच दिवस जात्याखाली ठेवली होती, घरात बारसं होतं म्हणून. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. देव सोडले, मुहूर्त सोडला, अंगात येणं सोडलं. लेकीचं लग्नही त्रिशरण पंचशील म्हणून लावायचं ठरलेलं. पण हे एक सुटलं नव्हतं. सुटलं नाही हेसुद्धा तोवर लक्षात आलं नव्हतं.

मी तार कणगीत ठेवली. कणगीत ज्वारी तळालाच होती, खोल हात घालावा लागला. मग बाहेर येऊन हळद लावली. बहीण मेली असं धरून मी लग्न पार पाडलं. पाव्हण्यांशी बोलले, जेवणं वाढली. एकदा मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसले, तेवढंच. लग्न झाल्यावरही लेक पहिल्या मुळाला माहेरी येऊन परत जाईपर्यंत थांबले. चौथ्या दिवशी ती नांदेडच्या गाडीत बसली. मी घरी येऊन तार काढली. लिफाफा फोडून पाहिला तर इंग्रजी.

मुलाला म्हणाले, "खाली बस. तुझी मावशी गेली वाटतं."

त्यानं वाचली. परत वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी न्हाई गेली, माय," तो म्हणाला. "मी गेलो."

रजा रद्द झाली होती. ताबडतोब जहाजावर हजर व्हा, एवढंच तारेत होतं. तारेवरचा शिक्का पाच दिवसांपूर्वीचा.

"कवा आली ही?"

"हळदीच्या दिवशी."

त्यानं पिशवीत कपडे कोंबले. माझ्या भावानं त्याला सायकलवर डबल सीट घेऊन फाट्यापर्यंत सोडलं. मी दारात उभी राहिले. पोरगा एकदाही मागं वळला नाही.

त्यानंतर पत्र नाही. रोज दुपारी मी पोस्टात जायची. पोस्टमास्तर म्हणायचा, "बाई, आलं की मी पाठवतो ना." तरी जायची. घरात बसवेना. भाकरी थापताना उठायची, दारात जाऊन यायची, भाकरी करपायची. लेकीनं नांदेडहून लिहिलं, सासरी बरं आहे. मला त्यात लक्ष घालता आलं नाही. शेवटी पत्र आलं, ते आधी उस्मानाबादला फिरून. पत्त्यावर जिल्हा जुनाच होता.

मुलगा पोचला त्याच्या दोन दिवस आधी जहाज निघून गेलं होतं. एकाएकी हुकूम आला होता. त्याला किनाऱ्यावरच्या बराकीत ठेवलं होतं. जहाज महिन्याभरात परत येईल, मग त्याला कप्तानासमोर उभं करणार. त्याची बढती लागायची होती, हुद्दा वाढायचा होता. आता ती मिळते की हातातला हुद्दाही जातो, ते त्या तिघांवर होतं. पुढं लिहिलं होतं, "माय, तार कणगीत होती असं सांगितलं तर लोक हसतील. मी एवढंच सांगितलंय की घरून कागद येतोय. मला टायफॉइड झाल्याचा दाखला पाठव. दवाखान्याचा शिक्का पाहिजे. हे पत्र फाड."

पत्र मी फाडलं नाही, पण दाखल्याच्या मागं लागले. आधी वाटलं, खोटं करण्यापेक्षा खऱ्याचा कागद मिळतो का बघावं. लातूरला गेले. सैनिकांच्या घरच्यांची कामं करणारं एक ऑफिस असतं म्हणे. कचेरीवरच्या नव्या पाट्या इतक्या ताज्या की रंगाचा वास येत होता. एका खोलीत गाठोडी बांधून दप्तर पडलेलं. कारकून म्हणाला, "बाई, ते ऑफिस अजून उस्मानाबादलाच आहे." दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला गेले. तिथला म्हणाला, "तुमचं गाव आता लातूर जिल्ह्यात."

"मग मी कुठं जाऊ?"

"थोडे दिवस थांबा."

"पोरगं थांबंल. जहाज थांबंल का?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी भावानं दाखला आणून दिला. एका डॉक्टरनं पोराला न बघता लिहून दिला, पंधरा दिवस विषमज्वर. खाली निळा शिक्का. भाऊ म्हणाला, "अक्का, सगळी दुनिया हेच करती. पोराच्या नोकरीपुढं काय हाय?"

मी म्हणाले, "काही न्हाई." आणि दाखला पिशवीत ठेवला. पोस्टावर माझा भरवसा उरला नव्हता. जहाज आल्याचं पत्र येताच मी स्वतः निघाले. सोलापूरपर्यंत एस.टी., तिथून आगगाडी. भाऊ येतो म्हणाला, मी नको म्हटलं. तो बरोबर असता तर माझ्या आधी तोच बोलला असता.

मुंबईत गोदीच्या दारावर दोन तास उभं केलं. मग चीफ स्वतः पास घेऊन आला. रत्नागिरीकडचा, बुटका, मिशा पिकलेल्या. माझ्या पाया पडला आणि लगेच म्हणाला, "मावशी, कागद आणलाय?"

"आणलाय."

"बरं." त्यानं कागद मागितला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही भिंत आणि जहाज यांच्या मधल्या फटीतून. काळं पाणी, वर तेल. जहाज मात्र करडं, साफ, कुठं एक डाग नाही. पुढं तोफ, मधल्या भागात मोठाल्या पेट्या. चीफ म्हणाला, त्यातून अग्निबाण सुटतात. आत गेलं की जिने लोखंडी आणि उभे. लुगडं आवरत चढले, तरी एका दारात डोकं आपटलंच. एका अरुंद खोलीत मला बसवलं. एका पोरानं चहा आणून दिला.

तो म्हणाला, "मावशी, चाकूरच्या का तुम्ही? मी देगलूरचा."

मला बरं वाटलं. नांदेड जिल्ह्यातला म्हणजे आपल्याकडचाच. विचारलं, "माझ्या पोराला ओळखतोस का?"

"ओळखतो म्हणजे? एकाच यंत्रावर काम करतो आम्ही. रडारवर. एका वक्ताला एकानंच रजेवर जायचं, असं हाय आमचं."

"मग तू कवा जाणार?"

तो कप उचलून गेला. चीफनं दार लोटलं आणि मला सांगितलं. माझ्या मुलाची रजा संपली की या पोराची रजा लागायची होती. बायको बाळंतपणाला देगलूरला. पण माझा मुलगा आलाच नाही. जहाज निघालं तेव्हा यंत्रावर हा एकटाच, दोघांचे पहारे त्यानं महिनाभर केले. लेक झाल्याची खबर त्याला भर समुद्रात मिळाली. अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही.

"तुमच्या मुलाचा निकाल लागल्याशिवाय यालाही सोडता येत नाही," चीफ म्हणाला. "म्हणून म्हटलं, तुम्हाला माहीत असावं."

हे त्यानं मुद्दाम सांगितलं, हे मला तेव्हाच कळलं. लबाड माणूस. पण खोटं काही बोलला नाही.

कप्तानाची खोली लहानच. टेबल, खुर्च्या, भिंतीवर नकाशा. मला वाटलं होतं कप्तान म्हणजे म्हातारा असेल, तर कानाजवळचे चार केस पांढरे, बाकी माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. शेजारी उंच, चष्मेवाला एक्सो. चीफ दाराशी. आणि माझा मुलगा टोपी काढून ताठ उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं.

कप्तान हिंदी बोलला. आमच्याकडं निजामाच्या वेळेपासूनची हिंदी, ती मला येते. त्यानं आधी विचारलं, चहा झाला का, प्रवास कसा झाला. मग म्हणाला, "कागज लायी हैं आप?"

पिशवीचं तोंड मी घट्ट धरलं होतं. हात आत घातला की काम झालं असतं. पोराचा हुद्दा वाचला असता, बढती मिळाली असती. यासाठीच मी आले होते, दुसऱ्या कशासाठी नाही. पण देगलूरच्या पोरानं चहाचा कप उचलला तो मला दिसत होता. टायफॉइडनं कुणाचं नुकसान होत नाही असं मी गावात धरून चालले होते. इथं ते नुकसान चहा घेऊन आलं होतं.

मी म्हणाले, "साब, बुखार-वुखार कुछ नई था. तार मैं ली. सही मेरी है, देख लेव. मैं छुपा के रखी, कणगी में."

"किसमें?"

चीफ म्हणाला, "अनाज की कोठी, सर."

मग मी सगळं सांगितलं. हळद, बहीण, सासूनं जात्याखाली ठेवलेली चिठ्ठी. मध्येच एक्सोनं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "चलो, टायफॉइड तो नहीं निकला." त्या वर्षी रजेवरून उशिरा आलेल्या प्रत्येकाला टायफॉइडच झाला होता म्हणे. चीफ छताकडं बघायला लागला.

कप्तान हसला नाही. तो जे बोलला ते मला समजलं ते असं. रजेवर जाताना प्रत्येकाला सांगितलेलं असतं की घरच्यांना बजावा, जहाजाची तार आली तर ती लगेच द्या. लढाऊ जहाज कधी निघेल याचा नेम नाही. सांगेन, म्हणून तुमच्या मुलानं सही केली आहे. "इसने आपको बताया था?"

आता माझ्या मुलानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मी हो म्हटलं असतं तर सगळा दोष माझा झाला असता, आणि मला शिक्षा करायला मी काही नौदलात नव्हते. सांगितलं होतं, म्हातारी विसरली, एवढंच. तिघंही थांबले होते. मला वाटतं, कप्तानही हो ऐकायला तयार होता.

"नई," मी म्हणाले. "नई बोला."

पोराची मान खाली गेली.

निकाल चीफनं बाहेर येऊन सांगितला. हातातला हुद्दा राहिला. बढती एक वर्ष मागं. दोन महिने जहाजाबाहेर पाय टाकायचा नाही. आणि देगलूरच्या पोराला आजच्या आज महिन्याची रजा, तोवर त्याचे पहारे माझ्या मुलानं करायचे, स्वतःचे धरून. चीफ म्हणाला, "यातली शेवटची गोष्ट कप्तानानं मला विचारून ठरवली." त्याच्या आवाजात तोरा होता. असायलाही हरकत नव्हती.

मुलगा मला जहाजाच्या फळीपर्यंत सोडायला आला. त्याला पुढं यायची मनाई होती.

"एक हो म्हणायला काय झालं असतं, माय?"

"तुला मला एक वाक्य सांगायला काय झालं असतं?"

"लग्नाच्या गडबडीत राहिलं."

"मग ते एक वर्ष तुझंच हाय. माझ्यावर टाकू नको."

"तू आई हायस का पंच?"

मी फळीवरून उतरले. खाली बघितलं तर चक्कर आली, म्हणून समोर बघत उतरले.

देगलूरचा पोरगा पत्र्याची पेटी घेऊन गोदीच्या दारात उभा होता. आम्ही एकाच गाडीनं निघालो. सोलापूरपर्यंत तो खिडकीशी, मी शेजारी. त्याला मी भाकरी दिली, त्यानं खाल्ली. माझ्या पोराबद्दल तो काही बोलला नाही, मीही काढलं नाही. बोललो ते टँकरचं, देगलूरकडच्या पाण्याचं, त्याच्या तेलुगू बोलणाऱ्या सासूचं. सोलापूरहून लातूरच्या एस.टी.त बसलो, तेव्हा न राहवून मी विचारलं, "माझ्यावर राग हाय का तुझा?"

"होता, मावशी. लई होता. तुमच्या पोराला तर आईवरून शिव्या दिल्या मी."

"त्या मलाच बसल्या म्हणायच्या."

तो लाजला, मग हसला. "आता घरी चाललोय. आता कशाचा राग?"

लातूरच्या स्टँडवर मी उतरले. त्याला पुढं देगलूरची गाडी पकडायची होती. गाडी लागलेलीच होती. पेटी डोक्यावर घेऊन तो पळत सुटला. माझा निरोप घ्यायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

माझ्या मुलानं पाच महिने पत्र लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. दर दुपारी पोस्टात मात्र जात होते.